लुक्क्याचं पाणी

नेरच्या बसस्टँडवर भेटेल तो विचारतो, इटलीत काय पाह्यलं? मी सांगतो, लुक्का. समोरच्याचा चेहरा उतरतो. तो तिरपा मनोरा नाही पाह्यला? तो लुक्क्याहून जवळच आहे, जवाईबापू नेतो म्हणत होते. मीच नको म्हटलं. वाकडं बांधकाम पाहायला इतकं दूर कायले जायचं?

लुक्का माझ्या लेकीचं गाव. जवाईबापू तिथं कागदाच्या मशिनी बनवणाऱ्या कारखान्यात आहेत. दोघांनी तिकीट पाठवलं आणि मी धोतर-टोपीतच विमानात बसलो. बॅगेत ज्वारीचं पीठ, तुरीची डाळ आणि तिखट होतं. आमच्यात लेकीला लेकरू होईपर्यंत तिच्या घरचं अन्नपाणी घेत नाहीत. माझ्या बापानं हे पाळलं, मीही पाळलं. लेक पुसदला होती तेव्हा सकाळच्या बसनं जायचो, ओसरीवर बसून तिला डोळे भरून पाहायचो, चहा स्टँडवर प्यायचो आणि सांजेला घरी. लुक्क्याहून सांजेला घरी येता येत नाही, म्हणून पीठ नेलं.

लेकीच्या लग्नाला बरीच वर्षं झाली. लेकरू नाही. डॉक्टर झाले, नवस झाले, आता तो विषय कोणी काढत नाही.

पोहोचल्या पोहोचल्या तिनं पाण्याचा गिलास पुढं केला. मी विचारलं, गावात विहीर कुठं आहे? जवाईबापू मले खाली घेऊन गेले. गल्लीच्या कोपऱ्यावर दगडी कारंजं, त्याला अखंड धार. हे पाणी जुन्या काळी डोंगरावरून कमानी बांधून गावात आणलं, असं त्यांनी सांगितलं. गावाचं पाणी, कोण्या एका घरचं नाही. मी बाटली भरली आणि वर येऊन लेकीच्याच गॅसवर भाकर टाकली. विस्तव कोणाच्या मालकीचा नसतो, असं मी ठरवलं. जवाईबापू तोंड फिरवून हसले. लेक हसली नाही.

गाव मात्र मनात भरलं. भोवती विटांचा तट आहे, असा रुंद की वर बैलजोड्यांच्या शर्यतीचा शंकरपट भरवता येईल. झाडं लावलीत, लोक फिरतात, सायकली चालवतात, म्हातारे बाकावर बसून वाद घालतात. वाद कशाचा ते मले कळत नव्हतं, पण बसायची तऱ्हा आपल्या पारावरचीच. हा तट बांधायला शंभरावर वर्षं लागली म्हणे. तोफा चढवल्या, अन् चाल करून कोणी आलंच नाही. आला तो नदीचा पूर. तेव्हा वेशींची दारं लावून फटीत गाद्या कोंबल्या आणि गाव वाचलं. कापसाचा असा उपयोग मी आजवर ऐकला नव्हता. रेशमाच्या व्यापारावर मोठं झालेलं ते गाव. एका धनवानानं आपल्या वाड्याच्या उंच मनोऱ्याच्या डोक्यावर ओकाची झाडं लावली, ती अजून हिरवी आहेत. जवाईबापूंनी हात पुढं केला तो न धरता मी वर चढलो. एक चौक पार वाटोळा आहे. पूर्वी तिथं झुंजींचा आखाडा होता. लोकांनी आखाडा मोडला नाही, त्याच्याच भिंतींना टेकून घरं बांधली. आज तिथं खिडक्यांत चादरी वाळतात. आमच्याकडं रस्ता रुंद करायला जुनी वेस पाडली, तेव्हा मी एकटाच आडवा उभा होतो.

लेकीच्या शेजारी एक म्हातारी राहायची. कारंज्यावर रोज भेट व्हायची, ती तिच्या बोलीत बोलायची, मी माझ्या. एकदा मी तिला भाकर दिली. तिनं मले घरात नेऊन बडीशेप अन् मनुकांची गोड पाव-भाकर कापून दिली. लुक्क्यात येऊन जो ही खात नाही तो लुक्क्यात आलाच नाही, अशी तिकडची म्हण, हे नंतर कळलं. चांगले दोन तुकडे खाल्ले. तेवढ्यात लेक मले शोधत दारात आली. तिनं माझ्या हातातला तुकडा पाहिला आणि उलट्या पावली गेली.

सांजेला ती मले तटावर फिरायला घेऊन गेली. बराच वेळ झाडाखालून चाललो. मग ती बाकावर बसली.

"त्या बाईच्या हातचं खाल्लं, बाबा."

"ते लेकीचं घर नव्हे, माय."

"मले लेकरू नाही झालं तं? तुमी जल्मभर माह्या दारातून उपाशीच जासान?"

आवाज चढला नाही तिचा. मी तिची समजूत घालायला रीत सांगू लागलो, बापाचं नाव घेतलं, आणि मध्येच थांबलो. खाली लोक वेशीतून ये-जा करत होते. तिथली दारं आता कोणी लावत नाही.

रीत चुकीची होती असं मी आजही म्हणत नाही. लेकीच्या संसारावर बापाचा भार पडू नये, एवढ्यासाठी ती होती. लेक दुखवायला नव्हती.

घरी आलो. जिना चढून दम लागला होता. खुर्चीवर बसलो आणि म्हटलं, "माय, पाणी दे."

ती खिडकीतली माझी कारंज्याची बाटली घ्यायला गेली.

"ते नको. तुह्या नळाचं दे."

तिनं बाटलीकडं नेलेला हात मागं घेतला. मग नळ सुटल्याचा आवाज आला. गिलासासोबत तिनं बशीत गुळाचा खडा आणला, उन्हातून आलेल्या पाव्हण्याला आपल्याकडं देतात तसा. गूळ तिनं कुठून मिळवला होता आणि किती दिवस डब्यात ठेवला होता, मी विचारलं नाही.

नळाचं पाणी कारंज्याच्या पाण्याहून जरा जड लागलं. मी गिलास रिकामा केला आणि पुन्हा पुढं धरला. मग विचारलं, जेवायला काय केलं आहे?