बाबांनी घातलेली वेणी

तिकडे कॅनडात लोक विचारतात, तुमच्या चित्रांत ही पिवळी खोली सारखी कशी येते? मी म्हणते, ते माझं घर. लालबागच्या चाळीतली एक खोली. अर्धं आयुष्य परदेशात गेलं, तरी ब्रश घेतला की हात आपसूक तिथेच वळतो. का, ते मला विचारू नका; मलाच कळत नाही.

त्यातलं सगळ्यात लाडकं चित्र घेऊन यंदा आईकडे आले. ती आता करी रोडला भावाकडे असते, टॉवरमध्ये. चित्रात भरदुपार आहे आणि बाबा खिडकीशी बसून माझी वेणी घालतायत. काय सुखाचे दिवस होते ते! एरवी बाबा मिलमध्ये, नाहीतर रातपाळी करून झोपलेले. तेव्हा मात्र दिवसभर माझेच. आईला चित्र आवडेल का, म्हणून जीव नुसता टांगणीला लागला होता. गॅलरीवाल्यांनी कितीही वाहवा केली तरी हिने नाक मुरडलं तर सगळं पाण्यात.

आईने चष्मा पुसला, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, ही तर संपातली दुपार. मी चक्रावलेच. संप मला ठाऊक होता, वेणीही आठवत होती. पण दोन्ही एकाच वेळचं, हे डोक्यात कधी शिरलंच नव्हतं.

"ह्यात मी खंय आसंय गो?" आईने विचारलं.

खरंच, कुठे होती ती? किती आठवलं तरी त्या दुपारी ती दिसेचना. मग तिनेच सांगितलं. ती माटुंग्याला लोकांची धुणीभांडी करायला जायची. जाण्याआधी बाबांना वेणी घालायला तिनेच शिकवलं होतं. मला रडू आलं, रागही आला, पण कोणाचा ते समजेना. माझं सगळ्यात सुखाचं घर तिच्या लेखी असं हलाखीचं असेल, तर इतकी वर्षं मी रंगवत होते ते घर कोणाचं?

वाटलं, आता ती चित्र बाजूला सारणार. पण तिने दारावर बोट टेकवलं. दार मी बंद काढलं होतं. चाळीत भरदुपारी दार कोण लावून घेतं? तिकडच्या घरांची सवय, दुसरं काय.

"आधी ह्या दार उघड," आई म्हणाली. "मी घरात येव कशी?"