चौथ्या गाण्यातली पेटी

आमच्या बँडचा पहिला अल्बम आला तेव्हा मी मेसच्या रांगेत ताट घेऊन उभा होतो. 'आमच्या' म्हणताना मी आता अडखळतो, पण तेव्हा मी तसंच म्हणायचो. घरी फोन करूनही तसंच सांगितलं होतं. पाच गाणी आहेत आणि चौथ्यात आपली पेटी आहे, असं. बाबांनी ते भजनी मंडळात सांगितलं, म्हणजे गावभर झालं.

मी आर्वी तालुक्यातल्या एका लहान गावातला. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वर्ध्याला आल्यावर सुरुवातीचे बरेच महिने माझ्याशी कोणी वाईट वागलं नाही, आणि कोणी फारसं बोललंही नाही. खोलीतली मुलं बाहेर जाताना दारातून "येतो का?" असं विचारायची, आणि मी चप्पल शोधेपर्यंत जिना उतरून गेलेली असायची. मग मी चप्पल काढून पुन्हा कॉटवर बसायचो. त्यांची चूक नव्हती. मला हो म्हणायलाच वेळ लागायचा.

हॉस्टेलच्या गणपतीत आरतीसाठी कुठून तरी एक पेटी आणली होती. वाजवणारा आला नाही म्हणून मी बसलो. गावात शाळेपासून मंडळात वाजवत होतो, तेवढंच मला येत होतं. आरती संपल्यावर वरच्या मजल्यावरचा एक जण माझ्यासमोर येऊन उकिडवा बसला.

"अबे, तू तर वाजवतो बे! सांगितलं काऊन नाई?"

"कोणी विचारलं नाही," मी म्हणालो.

तो ड्रम वाजवायचा. आर्वीच्या कापूस व्यापाऱ्याच्या घरातला. त्यांच्या जिनिंग कारखान्याच्या फाटकाबाहेर माझे बाबा कित्येक वर्षं हंगामात कापसाची गाडी लावून बसलेले. हे मी त्याला कधी सांगितलं नाही. त्याच्याबरोबर नागपूरचे दोघं होते. एक गिटार वाजवून गायचा, दुसरा बेस गिटार वाजवायचा. प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे काय ते मला त्यांनीच ऐकवलं. एकेक गाणं एवढं लांब की पेटीवर पूर्ण अभंग होऊन जावा. मधेच ताल बदलतो, मधेच सगळं थांबतं, आणि अल्बमभर एकच गोष्ट चालू राहते. मला पहिल्यांदा काहीच कळलं नाही. पण त्यात कोणी घाई करत नव्हतं, हे आवडलं.

त्यांच्या अल्बमची गोष्ट एका ट्रकची होती. कारंज्याच्या ढाब्यावरून ट्रक निघतो आणि कुठेच पोचत नाही. चौथ्या गाण्यात तो बंद पडतो. इंजिन शांत झाल्यावर ड्रायव्हरला दूरच्या गावातलं भजन ऐकू येतं. तिथे त्यांना पेटी हवी होती.

"कीबोर्डवर येते आवाज," बेसवाला म्हणाला होता.

"खरी पायजे," ड्रमवाला म्हणाला. "याची."

मला त्या 'याची'मुळे दोन दिवस झोप नीट लागली नाही.

गावात मी वाजवायचो ती पेटी मंडळाची होती. ती देवळाबाहेर सहसा जात नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी गेलो तेव्हा बुवांना विचारलं. बुवा म्हणजे आमच्या मंडळाचे सगळ्यांत जुने गाणारे. त्यांनी बराच वेळ सुपारी चघळली.

"कोनता अभंग हाय थो?"

"अभंग नाई बुवा. ट्रकचं गाणं हाय."

"असू दे. ने. पायाखाली येऊ देऊ नको म्हंजे झालं."

आईने तिच्या जुन्या लुगड्यात पेटी बांधून दिली. एसटीत मी ती बाजूला ठेवायला लागलो तर कंडक्टर म्हणाला, "खाली नको ठिवू गा, मांडीवर घे. लगेजचं तिकीट नाई फाडत मी. पन तुह्या घरी सप्ताह असंल तं मले बलावजो." सगळी गाडी हसली. मीही हसलो. असं मोकळं हसून मला बरेच दिवस झाले होते.

रेकॉर्डिंग ड्रमवाल्याच्या जिनिंगच्या गोदामात होतं. मे महिन्यात तिथे कापूस नसतो. टिनाचं छत, भिंतींना सरकीचा वास, आणि आवाज होतो म्हणून कूलर बंद. ड्रमचा आवाज माझ्या माइकमध्ये शिरू नये म्हणून त्यांनी मला बाहेरच्या काटाघरात बसवलं, जिथे गाड्यांचं वजन होतं. खिडक्या लावून, कानाला हेडफोन लावून मी एकटा बसलो.

पहिल्याच सुराला सगळे थांबले. पेटी चढी होती. फार नाही, पण गिटारशी जुळेना. मोबाइलवरच्या ट्यूनरचा काटा हिरव्या रेघेच्या पुढे जाऊन उभा राहिला. शिवाय तिचा एक सूर घोगरा आहे, पूर्वी कधीतरी देवळात ओल आली तेव्हापासूनचा. मी हेडफोनमध्ये म्हणालो, "राहू द्या. मी घेऊन जातो परत."

तिकडे काहीतरी बोलणं झालं. मग गिटारवाल्याचा आवाज आला, "सा दे बे. धरून ठेव."

मी सा धरला. भाता मारत राहिलो. हेडफोनमध्ये आधी गिटारची एक तार हळूहळू वर सरकताना ऐकू आली, मग दुसरी, मग बेस. ते सगळे माझ्या पेटीला येऊन मिळत होते. गावात कोणी नवा आला की तोच पेटीच्या सुरात गातो, त्यात विशेष काही नाही. पण वर्ध्याला आल्यापासून मीच सगळ्यांच्या सुरात जायचं बघत होतो. त्या बंद खोलीत घाम डोळ्यांत जात होता आणि तो पुसायला माझा एक हातही मोकळा नव्हता.

वाजवताना माझी एक चूक झाली. ट्रक बंद पडतो, ड्रम थांबतो आणि तिथून पेटीने पुढे न्यायचं, अशी ती जागा. मी आधीचा सूर जास्त धरला आणि नेमका भाता संपला. पुन्हा हवा भरून वाजवेपर्यंत मधे पोकळी पडली. ड्रमवाल्याने माझ्यासाठी न थांबता ठरलेल्या मात्रेवर पुन्हा सुरू करायला हवं होतं. त्याने केलं नाही. माझा सूर आल्यावरच त्याची काडी पडली.

"सॉरी," मी नंतर म्हणालो.

"चालते बे," तो म्हणाला.

अल्बम थंडीत आला. त्याआधी ग्रुपवर गिटारवाल्याचा मेसेज पडला होता, 'चौथं गाणं जरा बदललंय, अल्बम आला की ऐकून घे.' मी ताट बाजूला ठेवून मेसच्या मागे जाऊन ऐकलं. पेटी होती. पण घोगरा सूर स्वच्छ होता, आणि भात्याचा श्वास कुठेच नव्हता. ती माझी पेटी नव्हती.

मी विचारलं तेव्हा गिटारवाल्याने नीट समजावून सांगितलं. बाकीची चार गाणी एका पट्टीत, हेच वर जात होतं. नागपूरच्या स्टुडिओत म्हणाले की ओळीने ऐकताना कानाला खटकतं. म्हणून गिटार, बेस पुन्हा खालच्या पट्टीत वाजवले आणि त्याच्या एका मित्राने कीबोर्डवर पेटी वाजवली. कॉलेजच्या गॅदरिंगलाही तोच वाजवणार होता. "तुझं नाव आहे ना, विशेष आभारमध्ये," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात काही खोटं नव्हतं. मी "हो, बरोबर" म्हणालो.

त्यानंतर गावी जायचं मी टाळत होतो. पण बाबांचा फोन आला, "मंडळ वाट पाहून राह्यलं. कवा येतं?"

गेलो. देवळातलं गुरुवारचं भजन संपल्यावर कोणी उठलं नाही. बाबांनी कोणाकडून तरी स्पीकर आणून ठेवला होता. बाया एका बाजूला, माणसं एका बाजूला. मी मोबाइल जोडला.

"पयले तीन सोड," बुवा म्हणाले. "आपलंच लाव."

गाणं सुरू झालं. बराच वेळ नुसत्या गिटारी.

"हे तं इंजिनवानीच वाजून राह्यलं," ढोलकीवाले काका म्हणाले.

"ट्रकच हाय काका थो."

"पेटी कवा येते? एवढ्यात आमची आरती होते."

"येते, थांबा."

मग ट्रक बंद पडला आणि पेटी आली. "आली! आली!" बायांमधून आवाज उठला. आईने पदर तोंडाला लावला. बाबा स्पीकरकडे पाहत नव्हते, एकेकाच्या तोंडाकडे पाहत होते. ढोलकीवाल्या काकांनी मांडीवर थाप मारली. "पाय ना, घोगरा सूर बी सुधरला! मशीनमधी टाकलं का सुधरते."

सगळे हसले. खरं काय ते मी कदाचित कधीच सांगितलं नसतं. पण गाणं संपल्यावर बुवा म्हणाले, "कॉलेजात कार्यक्रम हाय म्हंते तुहा बाप. पेटी घेऊन जा. आपला सप्ताह हाय तवा, पन चालवून घेऊ आम्ही बिनपेटीचा."

म्हणजे त्यांनी हे आधीच आपसात ठरवलं होतं. आठवडाभर ते माझ्यासाठी बिनपेटीचं गाणार होते.

"बुवा," मी म्हणालो, "थे आपली पेटी नोहे."

"कोनती?"

"गाण्यातली. कीबोर्डवर काढला आवाज. अन् मी नाई वाजवलं. दुसऱ्यानं वाजवलं."

स्पीकरवर पाचवं गाणं आपोआप सुरू झालं होतं. बाबांनी हात लांब करून ते बंद केलं. सप्ताहाला पेटी इथेच राहू दे, असंही मी म्हणालो असेन, नीट आठवत नाही.

"मंग आपली काऊन नेलती?" बाबांनी विचारलं. रागाने नाही. खरंच समजून घ्यायचं असल्यासारखं.

मी सांगायला लागलो. काटाघर, ट्यूनरचा काटा, सा धरून ठेवला ते.

"सगळ्याइनं आपल्या सुरात लावलं?" बुवांनी विचारलं.

"सगळ्याइनं."

"मंग पुसलं काऊन?"

मी मोबाइल हातात घेऊन ते चौथं गाणं पुन्हा लावलं आणि पुढे ढकललं. एक गोष्ट मला हॉस्टेलवर ऐकताना कळली होती, पण तिथे ती कोणाला सांगावी हे कळलं नव्हतं. ड्रम तोच होता. ड्रमला पट्टीची अडचण नसते, म्हणून तो मे महिन्यातलाच ठेवला होता.

"काका, इकडं ऐका," मी ढोलकीवाल्यांना म्हणालो. "पेटीकडं लक्ष नका देऊ."

ट्रक थांबला. ड्रम थांबला. पोकळी पडली. मग पेटी आली आणि तिच्या मागून काडी पडली.

"थांबला थो," काका म्हणाले.

"हो. माहा भाता संपला होता."

"तुह्यासाठी थांबला?"

"हो."

ढोलकी पुढे ओढून काकांनी ती मांडीखाली घेतली.

"पुन्हा लाव."

मी लावलं. ते हलक्या हाताने गाण्याबरोबर वाजवत गेले, ताल बदलून सात मात्रांचा झाला तिथे एकदा चुकले, पुन्हा सापडले. ती जागा आली तेव्हा त्यांचा हात वर होता. तो तिथेच राहिला. बाबा त्या हाताकडे पाहत होते, आणि माझा डावा हात, पेटी समोर नसताना, भाता ओढायच्या जागी गेला होता.