सर्व्हिस म्हणजे कुठली?

छायाचित्र स्पर्धेच्या कामाची माझी यादी एकवीस कलमांची होती. त्यातलं ‘परीक्षकांचा परिचय’ हे कलम मी सगळ्यात आधी उरकलं. नवऱ्याने शुक्रवारी सकाळी चहा पिता पिता एक प्रश्न विचारला नसता, तर रविवारी काय झालं असतं याचा विचार मी आजही करत नाही. विचारला, हे बरं झालं.

साताऱ्यातल्या हौशी छायाचित्रकारांच्या मंडळाची मी चिटणीस. स्पर्धेचा विषय होता ‘सुट्टीवर आलेला जवान’. साताऱ्यापासून सांगलीपर्यंत घरटी कुणी ना कुणी फौजेत, त्यामुळे फोटोंना तोटा नव्हता. परीक्षक तिघं. सांगलीच्या एक बाई, वृत्तपत्र छायाचित्रकार. पुरात कॅमेरा डोक्यावर धरून कमरेएवढ्या पाण्यातून फिरलेल्या. दुसरे वाईचे, एका मासिकाचे छायाचित्र संपादक. या दोघांनी आपापली माहिती ईमेलने पाठवली. तिसरे कुंडलचे, सत्तरीच्या घरातले. ‘फोटो निवडावा तर त्यांनी,’ एवढंच सांगून सांगलीच्या बाईंनी त्यांचं नाव सुचवलेलं.

त्यांना लिहायचा कंटाळा, म्हणून माहिती फोनवर. मी रकाने आखून बसले: गाव, काम, वर्षं, सध्या काय. बावीस वर्षं सर्व्हिस केली, ते म्हणाले. आधी मुंबई, मग दिल्ली, सगळा काळ फोटो विभागात. आता गावी ऊस बघतो.

आमच्या घरात सर्व्हिस म्हणजे फौज. सासरे सर्व्हिसला होते, नवरा सर्व्हिस करून सुभेदार होऊन घरी आला. बँकेतला असेल तर आम्ही ‘बँकेत आहे’ म्हणतो, शाळेतला असेल तर ‘मास्तर आहे’. नुसतं सर्व्हिस म्हटलं की पुढे विचारायचं काही उरत नाही. मी लिहून टाकलं: ‘लष्कराच्या छायाचित्र विभागात बावीस वर्षे सेवा.’ पत्रकं छापून आली. त्यातली चाळीस मी गुरुवारी गावोगावच्या माजी सैनिकांना आमंत्रणासोबत वाटायला दिली, बाकीची खोक्यात ठेवली.

शुक्रवारी नवऱ्याने पत्रक वाचलं आणि विचारलं, “युनिट कुठली यांची?”

माझ्या रकान्यांत युनिट नव्हती. तो म्हणाला, विचारून घे; हॉलच्या पहिल्या दोन रांगा आमच्याच असणार, आणि पहिला प्रश्न हाच येणार. मी लगेच कुंडलला फोन लावला.

“युनिट?” ते म्हणाले. “कसली युनिट, ताई? मी पेपरात हुतो. फोटो निवडायच्या टेबलावर.”

मी त्यांना पत्रकातली ओळ वाचून दाखवली. ती त्यांनी पुन्हा एकदा वाचायला लावली. मग ते सावकाश बोलले. “मी तीन भरत्या दिल्या, ताई. तिन्ही खेपंला छाती अर्धा इंच कमी पडली. अख्ख्या गावाला ठावं हाय. आता म्हणतील, भरतीत भरली न्हाई ती छाती म्हाताऱ्यानं पत्रकावर भरून घेतली.”

मला हसता येईना. आमच्याकडे माणसाला काहीही म्हटलेलं खपतं, पण फौजेत नसताना फौजी म्हणवून घेतलं की तो माणूस संपला. आणि यांनी तसं म्हणवून घेतलंच नव्हतं. ते मी केलं होतं. हे निस्तरलं नाही तर मी येत न्हाई, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. बरोबरच होतं.

त्या ओळीवर पांढरी पट्टी चिकटवते, असं मी सुचवलं. ते नको म्हणाले. चिकटवलेलं लोक नखाने उकलून बघतात, आणि मग खाली काय होतं याचीच चर्चा होते. पेपरात चुकीच्या फोटोखाली चुकीचं नाव गेलं तर ते दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापायचे: काय चुकलं, खरं काय, बस. मी तसा मजकूर करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. दोन शब्दांखाली रेघ मारून तो परत आला. मी ‘छापले गेले’ लिहिलं होतं. त्यांनी ते ‘आम्ही छापले’ केलं. आपोआप काही छापलं जात नाही, असं खाली लिहिलं होतं.

शनिवारी दुपारपर्यंत दुरुस्तीच्या चिठ्ठ्या छापून झाल्या आणि खोक्यातल्या प्रत्येक पत्रकात एकेक गेली. वाटलेल्या चाळीस पत्रकांची यादी नंबरांसकट माझ्या वहीत होतीच. एकेकाला फोन करून चूक माझी म्हणून सांगितलं. अडतीस जण भेटले. एक शेवटपर्यंत लागला नाही, आणि एक कडेगावचे हवालदार, त्यांनी उचललाच नाही.

रविवारी हॉल भरला. कार्यक्रम सुरू होताच कुंडलचे काका स्वतः उठले आणि दुरुस्ती वाचली. मी फौजेत नव्हतो, एका दैनिकात छायाचित्र संपादक होतो. रोज शेकडो फोटो बघून त्यातला एक छापायचा, हे माझं काम. भरतीतल्या अर्ध्या इंचाचंही त्यांनी सांगून टाकलं. कुणी हसलं नाही.

दुसऱ्या रांगेतून एक उंच म्हातारे उभे राहिले. फोन न उचलणारे कडेगावचे हवालदार तेच.

“मी ठरवूनच आलो हुतो, युनिट इचारायची,” ते म्हणाले. “ऐकायला गावातनं दोघं संगं आणल्यात.”

“आनि सांगता आलं नसतं तर?” काकांनी विचारलं.

“आवं, मग काय? वरनं खाली घेतलं असतं तुमाला.”

आता मात्र हॉल हसला. काकाही हसले, जरा उशिरा. “मग आता बसू का वर?”

“बसा की. खरं बोलला न्हवं? आमच्या पोरांचं फोटो बघा नीट.”

काका बसले, चष्मा पुसला आणि पहिला फोटो मागितला. माझे खांदे तेव्हा कुठे खाली आले. सकाळपासून ते मी कानापर्यंत ओढून धरले होते, असं नवरा नंतर म्हणाला.