लढाईतला फॉर्म्युल्यांचा कागद

लढाईच्या गोष्टी मुद्दाम साठवाव्या लागत नाहीत. भिंतीला ओल चढावी तशा त्या आपोआप चढतात. चार जण चहाला बसले की कुणी मिसाइलचं सांगतं, कुणी रिकाम्या दुकानांचं. आमच्या घरात मात्र गल्फ वॉर म्हटलं की गणित निघतं! मला लिहिता येत नाही. मी सांगते आहे आणि नात शबाना लिहिते आहे. मधेच "दादी, हे नको" म्हणते. तेच मी आधी लिहून घेते.

*

तेव्हा आम्ही सौदीत, कतीफला होतो. मुलगा मुनाफ, सून हमीदा, दहावीतली शबाना आणि मी. पोरगी बाकी सगळ्यात पुढे, पण प्रिलिमला गणितात शंभरापैकी तेवीस! मुनाफने मार्कशीट बघितली, घडी घातली आणि अगदी शांतपणे म्हणाला, "बोर्डात गणित गेलं तर फायनल एक्झिट, सौदीतून कायमचं परत. दापोलीला मामाकडे राहायचं. शिक्षण खलास."

त्याच आठवड्यात लढाई सुरू झाली. शाळा बंद, गणिताच्या टीचर मिळेल त्या विमानाने केरळला. मला वाटलं, आता कसली परीक्षा न् कसलं काय! मुनाफने शाळेत फोन लावला. तिकडून उत्तर आलं, "परीक्षा होणार. तयारी करा."

डोक्यावरून मिसाइल जातंय, आणि तयारी करा! मी त्या फोनकडे बघतच राहिले.

*

वरच्या मजल्यावर पाटणकर राहायचे, नाशिकचे, मुनाफच्याच कंपनीत इंजिनियर. बायकोमुलांना त्यांनी आधीच गावी पाठवलेलं. म्हणाले, "मी शिकवतो. आधी सगळे फॉर्म्युले एका कागदावर लिहून आण."

एका कागदावर! मग वर्षभर पोरीने दप्तराची गोण वाहिली ती कशाला?

शबानाने तीन दिवस लावले. लाल शाई, हिरवी शाई, पट्टीने आखलेल्या चौकटी. लग्नाची पत्रिका फिकी पडेल असा कागद! पाटणकरांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला, "छान" म्हणाले, आणि टराटरा फाडला.

माझा चहा हातातच राहिला. "अहो पाटणकर, तीन दिवस खपली हो पोरगी!"

"दादी, हे सगळं कागदाला येतं. हिला कुठे येतं?" मग शबानाकडे वळून म्हणाले, "आता न बघता लिही. जे अडेल तेवढंच नव्या कागदावर घे."

नवा कागद निम्मा झाला. आठवड्याने तोही फाडला. हमीदा मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "अम्मा, बायको जवळ नसली की माणूस असा होतो का?"

*

सायरन वाजला की सगळ्यांनी आतल्या खोलीत जायचं, दाराच्या फटींना चिकटपट्टी लावायची, खाली ओला टॉवेल. कुणी काय उचलायचं ते ठरलेलं. मुनाफने पासपोर्ट आणि इकामे, म्हणजे तिथे राहायचे परवाने, हमीदाने मास्क, मी माझ्या गोळ्या, शबानाने पाण्याचा कॅन.

एकदा संध्याकाळी मगरिबच्या नमाजाच्या वेळी सायरन झाला. पळत आत गेलो. मुनाफ ओरडतोय, "टेप! टेप कुठंय?" नवाकोरा रोल, शोधून शोधून आणलेला, संपलेला! पोरीने त्याच टेपने फ्रिजवर, बेसिनवर, बाथरूमच्या दारावर फॉर्म्युले चिकटवलेले!

"अगं, ती गॅसपासून वाचायची टेप!"

"अब्बा, येता-जाता दिसले पाहिजेत ना!"

हमीदाने कपाळाला हात लावला. "आणि पाणी?"

शबानाच्या हातात पाणी नव्हतं. कागद होता! मास्क घालून ती कोपऱ्यात बसली आणि रांजणातून बोलावं तसं पुटपुटायला लागली. मुनाफ कलमा म्हणत होता, ती साइन स्क्वेअर म्हणत होती. वर अल्लाला कुणाचं ऐकावं कळलं नसेल!

*

मग पाटणकरांनी मला कामाला लावलं. "दादी, रोज सकाळी हिचं पाठांतर तुम्ही घ्या."

"मी? मला ना अलिफ येतो, ना अ!"

"म्हणूनच. तुम्ही फक्त ऐका."

आता ऐकण्याचं म्हणाल, तर तरुणपणी मी बंदरावर मासळीच्या लिलावात बसायचे. कुणी कुठल्या पाटीला काय बोली लावली, ते संध्याकाळी जसंच्या तसं सांगायचे. शबाना कागद माझ्या हातात द्यायची आणि भिंतीकडे तोंड करून घडाघडा म्हणायची. चौथ्या दिवशी मी म्हटलं, "थांब. काल इथे मायनस होतं."

"दादी, तू कागद उलटा धरलायस."

"कागद उलटा असेल, कान सरळ आहेत. काल मायनस होतं."

पाटणकरांना खाली बोलावलं. त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला, सरळ केला, बघितला. मग खुर्ची ओढून बसलेच. मायनसच होतं!

*

एवढं पाठ झालं, तरी गणित सुटेना. पाटणकर म्हणाले, "तुझ्या गच्चीवर पाण्याची गोल टाकी आहे. उंची ही, रुंदी ही. पाणी किती?" पोरीने भराभर आकडे मांडले आणि उत्तर दिलं.

हमीदाने ते ऐकलं. लढाई सुरू झाल्यापासून ती हसलीच नव्हती. लाटणं घेऊन बाहेर आली. "एवढंच? एवढ्यात तर तुझ्या अब्बाची अंघोळसुद्धा होणार नाही!"

पोरीने टाकीला शंकूचा फॉर्म्युला लावलेला. पाणी तिसरा हिस्सा! पाटणकर हमीदाकडे बोट दाखवून म्हणाले, "बघ. फॉर्म्युला न शिकता तुझ्या मम्मीने चूक पकडली. आता प्रत्येक फॉर्म्युल्यापुढे लिही, हा कधी वापरायचा आणि कधी नाही."

"मसाल्याचा डबा हातात आहे," हमीदा म्हणाली, "पण खिरीत हळद टाकतेय बया!"

*

लढाई थांबली, आणि गणिताचा पेपर आला. केंद्र दम्मामला. कुवेतमधल्या जळत्या तेलाचा धूर आमच्यापर्यंत पोचलेला, सकाळी आठला गाड्यांचे दिवे लागलेले. मुनाफ गाडी चालवतोय, मागे मी आणि शबाना, तिच्या हातात शेवटचा कागद. तळहाताएवढा उरला होता.

चेकपोस्टवर अडवलं. तरणा ऑफिसर, कमरेला पिस्तूल. इकामे बघता बघता त्याची नजर कागदावर गेली. बारीक अक्षर, खुणा, बाण! त्याने तो ओढूनच घेतला. "हे काय?"

शबाना म्हणाली, "मॅथ्स, सर. आज एक्झाम."

त्याने कागद छातीशी धरला. "मग बोल!"

आणि पोरगी खिडकीतून बोलायला लागली. एकामागून एक, न अडखळता. तो कागदावर बोट फिरवत गेला. संपल्यावर त्याने कागदाची घडी घातली आणि स्वतःच्या खिशात टाकली. "एक्झामला कागद नाही न्यायचा. येताना घे. यल्ला, निघा!"

दुपारी परत आलो. त्यानेच गाडी अडवली. शबानाने कागदासाठी हात पुढे केला, तर त्याने प्रश्नपत्रिकाच घेतली. एका गणितावर बोट ठेवलं. तेरा मीटरची शिडी, पायथा भिंतीपासून पाच मीटर, भिंतीवर किती उंच पोचेल?

"ट्वेल्व्ह, सर."

त्याने सिगारेटच्या पाकिटावर आकडेमोड केली आणि मान हलवली. "नो. वन फॉर्टी फोर."

मागे लष्कराच्या ट्रकांची रांग, भोंगे वाजतायत. मुनाफ घाईघाईने म्हणाला, "येस सर, येस सर! वन फॉर्टी फोर! शबाना, हो म्हण!"

"नो सर," शबाना म्हणाली. पिस्तूलवाल्या माणसाला! "शिडी तेराची. ती एकशे चव्वेचाळीस मीटरवर कशी पोचेल? तुम्ही रूट काढायचा विसरलात."

त्याने पाकिटावरचे आकडे पुन्हा तपासले. मग त्याने पाकीट चुरगळलं, पायाखाली टाकलं, मुनाफच्या कानाशी वाकून अरबीत काहीतरी बोलला, आणि स्वतःच्या हाताने फाटक उचललं. कागद दिलाच नाही!

दोन-तीन मैल पुढे आलो. शेवटी मीच विचारलं, "काय म्हणाला रे तो?"

"म्हणाला, कागद मी ठेवतो. पुढच्या महिन्यात माझी परीक्षा आहे. मुलीला शुक्रवारी घेऊन येशील का?"

"मग तू काय सांगितलंस?"

मुनाफने आरशातून शबानाकडे बघितलं.

"म्हटलं, टीचरला विचारून सांगतो."