मांडे खाऊन गेलेले भाऊसाहेब

आमच्या भावाला ‘निराधार’ हा शब्द ऐकू आला आणि त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी नुसतं म्हटलं होतं, निराधार योजनेचा अर्ज भरते. मला लहानपणीच पोलिओ झाला. उजव्या पायात कॅलिपर, काखेत कुबडी. शिवणकाम करते, पण ब्लाउज शिवून किती मिळणार? सरकार दर महिन्याला काही देतंय तर घ्यावं, एवढंच माझं म्हणणं.

“निराधार? मी मरी गऊ का?” भाऊ ताडकन उठला. “गाव काय म्हणी? भाऊनी बहीणले वाऱ्यावर सोडी दिधं!”

माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आहे, पण आई गेल्यापासून माझा बापच झाल्यासारखा वागतो. मीही काही कमी नाही. म्हटलं, “गाव गेलं चुलीत. मी अर्ज भरणार.”

त्यासाठी आधी दिव्यांग प्रमाणपत्र हवं. ते जळगावच्या सरकारी दवाखान्यात मिळतं. भावजय सोबत यायला निघाली आणि दारातच तिनं स्वतःच्या सोन्याच्या चार बांगड्या माझ्या हातात घातल्या. “जळगावला मोकळ्या हातानं जाल का अक्का? लोक मला नावं ठेवतील.” सोन्याचं गाव ते, तिथं म्हणे रिकामे हात लगेच दिसतात. प्रमाणपत्राचं काम काही अडलं नाही. डॉक्टरांनी पाय तपासला, बांगड्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पण परतताना मी हौसेनं पासपोर्ट फोटो काढला, हनुवटीला बांगड्यांचा हात लावून. चाळीसगावच्या सेतू केंद्रातल्या मुलीनं तो फोटो पाहिला, मग अर्जावरचं योजनेचं नाव वाचलं, पुन्हा फोटो पाहिला. “ताई,” ती हसू दाबत म्हणाली, “दुसरा फोटो आणा ना. हात खाली ठेवून.”

अर्ज गेला. मग एक दिवस निरोप आला, उद्या तलाठी भाऊसाहेब चौकशीला येणार.

झालं! भाऊनं माझ्याशी पंधरा दिवस धरलेला अबोला सोडला. अर्ज पटो न पटो, घरी साहेब येणार म्हटल्यावर त्याच्या अंगात आलं. शेजारून प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणल्या, समोरच्या घरातून कूलर उचलून आणला. भावजयीनं पहाटे उठून पुरण शिजवलं आणि खापरावर मांडे टाकले. आमच्याकडे जावयालासुद्धा वर्षातून एकदा मांडे मिळतात! मी म्हणत होते, “अगं बाई, तो माणूस माझी गरिबी बघायला येतोय.” ती म्हणाली, “मग काय उपाशी पाठवायचा?”

भाऊसाहेब बिचारे नाही नाही म्हणत होते. भाऊनं खांद्याला धरून बसवलं. दोन मांडे झाले, तिसरा भाऊनं शपथ घालून वाढला. वर आमरस. कूलर असा घोंघावत होता की भाऊसाहेबांचे कागद उडाले. शेवटी त्यांनी हात पुसले, पेन काढलं आणि विचारलं, “यांना सांभाळणारं कोणी आहे का?”

मी कुबडीनं भावाच्या पायाला हळूच टोचलं.

“टोचस काय? खरं तेच सांगी ऱ्हायनू!” तो मोठ्यांदा म्हणाला. “भाऊसाहेब, मी जित्ता शे ना आजून! हाई बठ्ठं घर तिन्हंच शे!”

सगळं घर माझंच असल्याचं ऐकून भाऊसाहेबांनी पेनाचं टोपण लावलं. “ताई, आता मी काय लिहू? तीन मांडे खाल्ले आणि बाई निराधार आहे, असं लिहू?” मला रडू यायचं ते हसूच फुटलं. पण माणूस भला. जाताना त्यांनी नीट समजावून सांगितलं. माझं नाव भावाच्या रेशनकार्डावर, म्हणून त्याची कमाई माझ्यात धरली जाते. माझी चूल वेगळी आणि कार्ड वेगळं असेल, तर माझा अर्ज माझ्या कमाईवर ठरेल. “पण मी खोटं लिहिणार नाही. चूल खरंच वेगळी झाली तर सांगा, मी पुन्हा येतो.”

चूल वेगळी! आमच्या गावात चूल वेगळी झाली म्हणजे घरात भांडणं झाली. त्या रात्री भाऊ अर्धी भाकरी ताटात तशीच टाकून उठला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मात्र माझं डोकं फिरलं.

“हे बघ,” मी म्हटलं, “तू मला काही कमी केलं नाहीस. पण कॅलिपरचा पट्टा तुटला तरी मला तुझ्याकडे बघावं लागतं. तू कधी नाही म्हणत नाहीस, पण मला मागावं तर लागतंच ना? चाळीस वर्षं मागतेय रे मी. एकदा माझ्या पासबुकातून माझा पट्टा घेऊ दे.”

तो उठून गेला. मला वाटलं, संपलं. थोड्या वेळानं माझ्या मशीनवरची टेप घेऊन आला. “अक्का, स्टुलवर बस.” बसले. त्यानं जमिनीपासून माझ्या कोपरापर्यंत माप घेतलं, भिंतीवर पेन्सिलनं रेघ मारली. मी मशीन ठेवते ती मागची खोली होती, तिथंच त्यानं आठ दिवसांत विटांचा ओटा बांधला आणि शहाबादी फरशी बसवली. भावजयीच्या ओट्यापुढं मला उभं राहून धड पोळी लाटता यायची नाही. हा ओटा बसल्या बसल्या हाताशी येत होता. गावभराची मापं मी घेते. माझं माप मात्र आजवर कुणी घेतलं नव्हतं. मी फरशीवरून हात फिरवत बसले आणि मग भरपूर रडले.

त्या दिवसापासून मी खरंच वेगळी राहू लागले. कार्ड वेगळं झालं. भाऊसाहेब पुन्हा आले. या वेळी मी माझ्या ओट्यावर केलेला फक्त चहा दिला. त्यांनी आधी विचारून घेतलं, “मांडे नाहीत ना?” मग हसत हसत लिहिलं.

काही महिन्यांनी पैसे जमा झाल्याचा मेसेज आला. त्यातून मी आधी पट्टा घेतला, मग वांगी आणि कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं पीठ. भरीत केलं, भाकरी थापल्या. अंगणातूनच हाक मारली, “भाऊ, आज माझ्याकडे जेवायला ये.”

दहा पावलांचं अंतर, पण तो धुतलेली टोपी घालून आला. चपला बाहेर काढल्या आणि दारात थांबून विचारलं, “येऊ का, अक्का?” आयुष्यात पहिल्यांदा माझ्या घरी जेवायला पाहुणा आला होता. तो जेवायला बसला. एक भाकरी संपली.

मी विचारलं, “अर्धी वाढू?”

“अर्धी काय?” त्यानं ताट पुढं केलं. “आखी वाढ.”