वाटी की डोंगर

आमच्या घरात मारायला पट्टा एकच, लष्करातला. माझा पोरगा पेन्शनीवर घरी आला तेव्हा ट्रंकेतनं तो घेऊन आला आणि दारामागच्या खुंटीला अडकवला. पलटणीत तो उखळी तोफेवर होता. गोळा नळीत सोडायचा, तो वर चढतो, वळतो आणि टेकडीच्या पल्याडच्या माणसावर पडतो. पोराच्या डोक्यात वाकडी रेघ म्हणजे तीच, दुसरी नाही.

नात अकरावीला. हल्ली पोरींनाही लष्करात अधिकारी व्हायची परीक्षा देता येते, तिला ती द्यायची होती. बाप जन्मभर सलाम ठोकून आलेला, त्याला पोरीला ठोकलेला सलाम बघायचा होता. दोघांचं मागणं एकच, आणि तरी रोज दिवेलागणीला गणित आणि मार.

माझी बायको होती तोवर असं चालायचं नाही. पोरानं हात उचलला की ती मधे पडायची. गयावया करायची नाही. एकदा चुलीवरची आमटी त्याच्या अंगावर फेकली. गळ्यावर डाग अजून हाय. गेल्या उन्हाळ्यात कावीळ झाली नि ती गेली. तेराव्याचं जेवण उरकलं आणि थोड्याच दिवसांत पट्टा खुंटीवरनं निघाला. सून मधे गेली तर तिलाही फटके बसायचे. मी बघत बसायचो. बायको गेल्यावर माझ्यात उठायचं बळच उरलं नव्हतं.

त्या दिवशी पोरीनं आलेखाच्या कागदावर ठिपके मांडले होते. एक्सचा वर्ग वजा चार, असं काहीतरी होतं. एक्सला एकेक आकडा द्यायचा, येईल त्या उत्तराला ठिपका. सगळे ठिपके हातानं जोडले, तर वाटी झाली. तोंड वर.

बापानं कागद उचलला. "उलटं काढलंयस."

ती म्हणाली, बरोबर हाय.

"फेकलेली वस्तू वर जाऊन खाली येती. ही खाली जाऊन वर येती. गोळा भुईत घुसून परत वर निघतो व्हय गं?"

पोरगी हसली. तिथंच चुकलं. पहिला पट्टा पाठीवर बसला. दोन फटक्यांच्या मधे ती सांगत होती की वर्गाच्या अंगाला वजा असता तर डोंगर झाला असता, इथं वजा नुसता चाराला हाय. तो म्हणाला, बापाला शिकवतीस, आणि पट्टा उलटा धरला. बक्कल भुवईवर लागलं. रक्त कागदावर गळायला लागलं, तर ती कार्टी तोंड सोडून कागद झाकायला लागली.

ते बघितलं नि मी उठलो. खोऱ्याचा दांडा कोपऱ्यात होता. त्याच्या मनगटावर हाणला. कडाक वाजलं. त्यानं डाव्या हातानं मला ढकललं, मी भांड्यांवर पडलो. उठून दुसरा खांद्यावर हाणला.

"तुझी आई न्हाई आता," मी म्हटलं. "मी हाय."

तो खाली बसला तो बसलाच.

शेजारच्याची जीप घेऊन कवठे महांकाळला गेलो. डॉक्टरनं विचारलं, कसं झालं. पोरगा म्हणाला, गाडी घसरली. नात म्हणाली, "पप्पांनी मला पट्ट्यानं मारलं, आबांनी पप्पांना दांड्यानं." डॉक्टरचं पेन थांबलं. माझ्याकडं बघून म्हणाला, आजोबा, वय काय तुमचं.

तिला टाके पडले, त्याला प्लास्टर. बाहेर बाकड्यावर तिनं एक्स-रेच्या पाकिटावर दोन्ही रेघा काढल्या, वजा लावून आणि वजा न लावता. मला काही कळलं नाही. पण पोरगा डाव्या हातात पेन धरून आकडे टाकत राहिला. दोन टाकला, उणे दोन टाकला. घाम पुसला.

"वजा कुठं लागलाय ते बघाय पायजे," एवढंच बोलला.

"पप्पा, तुमचं बरोबर असतं तरी मी आता घरात राहणार न्हाई."

त्यानं पाकीट तिच्या हातात परत दिलं.

साताऱ्यात माझी मेव्हणी हाय, तिच्याकडं ठेवायचं ठरलं. एसटीनं मीच घेऊन गेलो. रस्ताभर भुवईवरची पट्टी सांभाळत ती तसल्याच वाट्या नि डोंगर काढत होती. स्टँडवर उतरल्यावर विचारलं, "आबा, आता आईवर हात टाकला तर?"

मी म्हटलं, दांडा हाय की.

"कितीदा मोडणार हात? त्यापरीस आधीच मधे बसत जावा."

बायको मेल्यावर मला कुणी काम सांगितलं नव्हतं. परत आलो. त्या दिवसापासनं सून भाकरी वाढते, पोरगा डाव्या हातानं खातो, आणि मी माझं ताट घेऊन दोघांच्या मधे बसतो.