दोनदा सांगणाऱ्या काकू

काकू कुठलीही गोष्ट दोनदा सांगत. पहिल्यांदा नेहमीच्या आवाजात, दुसऱ्यांदा जरा हळू. तिसऱ्यांदा त्यांनी काही सांगितल्याचं मला आठवत नाही. "अहो, चहा निवतोय." थोड्या वेळाने, "चहा निवतोय हं." मग त्या कप उचलत, चहा बेसिनमध्ये ओतत आणि कप विसळून पालथा घालत. त्यात राग नसे. जर्मनीत गाड्या वेळेवर सुटतात अशी भारतात एक समजूत आहे. इथे राहणाऱ्याला खरं काय ते माहीत असतं. काकू मात्र वेळेवर सुटत.

ज्यांचा चहा निवायचा ते काकूंचे यजमान. रेगेन्सबर्गात आम्ही सगळे त्यांना 'अध्यक्ष' म्हणत असू आणि ते त्यांना आवडे. आमच्या मराठी मंडळात सभासद साठ, त्यातले निम्मे दोन वर्षांत नोकरी बदलून दुसऱ्या गावी जाणारे. पण अध्यक्षांचं गणपतीतलं भाषण साठ हजारांना पुरेल इतकं असे. सत्तरच्या दशकात ते लेथवर काम करायला इथे आले, मोटारींच्या कारखान्यातून निवृत्त झाले आणि उरलेलं आयुष्य त्यांनी आम्हाला युरोप दाखवण्यात घालवायचं ठरवलं. महिन्यातून एका रविवारी बस. हातात नारिंगी छत्री, गळ्यात शिट्टी, काखेत ऑर्डनर. ऑर्डनर म्हणजे ती जाडजूड फाईल, जिच्यात कागद लागल्याशिवाय जर्मनीत माणूस जिवंत आहे असं कुणी मानत नाही. अध्यक्षांच्या कपाटात अशा एकवीस होत्या. त्यातल्या 'कुटुंब' असं लिहिलेल्या ऑर्डनरमध्ये, वॉशिंग मशीनच्या गॅरंटीच्या मागे, काकूंचा पासपोर्ट असे.

तो पासपोर्ट भारताचा होता. अध्यक्षांनी फार पूर्वीच जर्मन नागरिकत्व घेतलं. काकूंनी घेतलं नाही. आई देवळालीला एकटी होती, कधी फोन आला तर व्हिसाच्या रांगेत उभं न राहता निघता यावं, एवढंच कारण. आई गेली, तरी पासपोर्ट तोच राहिला. "घरात एकाचा तरी असू दे," त्या म्हणत. भारतातून परत आलं की म्युनिकच्या विमानतळावर दोन रांगा. अध्यक्ष दोन मिनिटांत पलीकडे पोहोचून घड्याळ बघत उभे, आणि काकू अर्धा तास अलीकडे. "तीस वर्षं हे माझी वाट बघतायत," काकू मला एकदा म्हणाल्या, "तेवढ्याच एका जागी."

काकूंना जगात एकच ठिकाण बघायचं होतं. देवळालीच्या कॉन्व्हेंट शाळेत त्यांना गणित शिकवायला एक आयरिश सिस्टर होती. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्याची, घरात इंग्रजी नव्हे तर गेलिक बोलत वाढलेली. मुलींचा भागाकार चुकला की ती रागवायची नाही, खडू खाली ठेवून आपल्या गावच्या भिंतींबद्दल सांगायची. शेतांच्या बांधांना चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड. मधल्या फटींतून वारा आरपार जातो, म्हणून समुद्रावरच्या वादळातही भिंत उभी राहते. काकूंचे भागाकार शाळा संपेपर्यंत चुकत राहिले. मुद्दाम, असा माझा संशय आहे. त्या भिंतींना एकदा हात लावायचा आणि जमलं तर सिस्टरचं गाव बघायचं, एवढं त्यांनी मनात धरलं होतं. गावाचं नाव मात्र त्या कुणाला सांगत नसत. "तिथे जाऊनच उच्चारीन," त्या म्हणत. "इथे उगाच कशाला चुकायचं?"

ही इच्छा लग्नानंतर पस्तीस वर्षांनी एकदाची अध्यक्षांच्या कानावर गेली आणि त्यांनी ताबडतोब मंडळाची सहल जाहीर केली. 'रांगडं आयर्लंड आणि गेलिक संस्कृती: एक अभ्यासदौरा.' म्युनिकहून डब्लिन, तिथे मुक्काम, दुसऱ्या दिवशी सकाळी गाईडसह बसने पश्चिम किनारा आणि संध्याकाळी परत. पत्रकात सिस्टर नव्हती, भिंती नव्हत्या आणि काकूही नव्हत्या. छत्रीसह अध्यक्षांचा फोटो होता.

अध्यक्षांच्या घरी बैठक झाली. नऊ जणांनी नावं दिली होती, त्यात मीही. ऑफिसच्या कामासाठी मी डब्लिनला तीन-चार वेळा जाऊन आलो होतो, म्हणून म्हणालो, "तिकडे छत्रीचा उपयोग होत नाही, वाऱ्याने उलटते. रेनकोट घ्या."

"कंपनीच्या तिकिटावर डब्लिनचं ऑफिस बघून आलेल्यांनी," अध्यक्ष म्हणाले, "आम्हाला आयर्लंड शिकवू नये."

सगळे हसले. मीही हसलो. तेवढ्यात सलीलने विचारलं, "काका, व्हिसा वगैरे?" सलील हा आमच्यातला तरुण इंजिनियर, नवीन लग्न झालेला.

"तिथे युरो चालतो ना? मग आपलं इथलं कार्डही चालतं," अध्यक्ष म्हणाले आणि पान उलटलं.

ते चालत नाही, हे मला माहीत होतं. जर्मनीत राहण्याचं कार्ड खिशात असलं की आम्ही ऑस्ट्रियात जातो, फ्रान्समध्ये जातो, प्रागला जातो, कुणी हटकत नाही. त्यामुळे सगळा युरोप एकच आहे असं आमच्या लोकांना वाटू लागतं. आयर्लंडला भारतीय पासपोर्टवर वेगळा व्हिसा लागतो. माझ्या पासपोर्टात तो होता, कंपनीने काढून दिलेला. एका वाक्याचं काम होतं. पण ते हसणं अजून कानात होतं. मनात आलं, पडू दे एकदा तोंडावर. पुढच्या आठवड्यात सांगू. पुढे मी विसरलो असं म्हणणं सोयीचं आहे. मी विसरलो नव्हतो.

काकू पोह्यांच्या बशा घेऊन आल्या. माझ्या हातात बशी देताना म्हणाल्या, "तुला डब्लिनला जाताना काही कागद लागले होते का रे?"

"ऑफिस बघतं ते सगळं, काकू," मी लिंबू पिळत म्हणालो.

पंधरा दिवसांनी त्या मला शनिवारच्या बाजारात भेटल्या. पिशवीतून कोथिंबीर डोकावत होती. "तुझे ते डब्लिनचे कागद," त्यांनी विचारलं, "वेगळा व्हिसा असतो का काही?" आवाज जरा हळू होता. मला बस पकडायची होती. "अध्यक्षांनी बघितलं असेल ना!" मी म्हणालो, आणि त्यातली मजा मनातल्या मनात घेतलीसुद्धा.

"हो," काकू म्हणाल्या. "हे बघतात सगळं."

म्युनिकच्या विमानतळावर अध्यक्षांनी सगळ्यांचे पासपोर्ट गोळा करून काउंटरवर ठेवले. तिथल्या बाईंनी त्यांचे दोन गठ्ठे केले. लाल जर्मन तीन: अध्यक्षांचा, आणि आमच्या मंडळातल्या दंतवैद्य नवरा-बायकोचे. निळे भारतीय सहा.

"या सहा जणांचा आयर्लंडचा व्हिसा?"

"व्हिसा कसला? आम्ही युरोपातच चाललोय," अध्यक्ष आपल्या ठणठणीत जर्मनमध्ये म्हणाले. "मी बत्तीस वर्षं या देशाचा नागरिक आहे."

"गेनाऊ, अगदी बरोबर. तुम्ही आहात. या बाई नाहीत."

"त्या माझ्या पत्नी आहेत!"

"ते मी लिहून घेऊ शकते," बाई म्हणाल्या, "पण त्याने त्या विमानात बसणार नाहीत." मग त्यांनी माझा पासपोर्ट चाळला, एका पानावर थांबल्या आणि तो उचलून लाल गठ्ठ्यावर ठेवला.

सलीलने माझ्याकडे बघितलं. "तुझ्याकडे होता?"

"ऑफिसचा आहे," मी म्हणालो. त्याने तोंड फिरवलं. त्याची बायको बॅगेच्या पट्ट्याशी चाळा करत राहिली. व्हिसा नसलेलं आणखी एक जोडपं बॅगा ओढत रांगेबाहेर गेलं.

या प्रसंगाचं चित्र मी दोन महिने मनात रंगवत होतो. त्यात अध्यक्षांचा उतरलेला चेहरा होता, नारिंगी छत्रीसुद्धा होती. काकू त्यात नव्हत्या. कशा नव्हत्या, ते मला अजून सांगता येत नाही.

अध्यक्ष आता मागे फिरतील अशी माझी खात्री होती. ते म्हणाले, "अगं, तू सलीलच्या गाडीतून घरी जा. गाईड ठरलाय, बस ठरलीय, प्रमुखच नसेल तर कसं व्हायचं? मी सगळं शूट करून आणतो. घरी बसून आरामात बघ."

काकूंनी मान डोलावली. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "गाईडला एक विचारशील? वर्ग सुटताना सिस्टर आम्हाला म्हणायची, 'स्लॉन अवाल्या'. म्हणजे काय, ते आम्ही कधी विचारलंच नाही." थोडं थांबून, "स्लॉन अवाल्या. लक्षात राहील ना?"

मलाही मागे फिरता आलं असतं. नाही फिरलो.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये परदेशी प्रवासी वीसेक आणि आम्ही चौघं. गाईड साठीचा, दगडासारख्या चेहऱ्याचा माणूस, घरात गेलिक बोलणारा. बाहेर काळी दलदल, तिच्यावर वाळत घातलेले मातीच्या विटांसारखे सरपणाचे ढीग, झाड नावाला नसलेले डोंगर, पाठीवर निळा रंग फासलेल्या मेंढ्या. आणि भिंती. चढावर, उतारावर, अगदी पाण्यापर्यंत गेलेल्या करड्या भिंती, आणि त्यांच्या प्रत्येक फटीतून आकाश दिसत होतं. गाईड सांगत होता की त्याची नातवंडं त्याचं सगळं समजतात, पण उत्तर इंग्रजीत देतात. अध्यक्षांनी कॅमेरा स्वतःकडे वळवून मराठीत समालोचन केलं, "पाहा, यांनी आपली भाषा घालवली. आपल्याला हे होऊ द्यायचं नाहीये." अध्यक्षांचा नातू त्यांना जर्मनमध्ये 'ओपा' म्हणतो आणि मराठीत त्याला फक्त 'नको' म्हणता येतं.

एका वळणावर बस थांबली तेव्हा मी गाईडला ते शब्द म्हणून दाखवले. त्याने मला दुसऱ्यांदा म्हणायला लावलं. "हे तुम्हाला कुणी शिकवलं?" मी सिस्टरबद्दल सांगितलं. त्याचा चेहरा एकदम सैल झाला. म्हणाला, "कुठल्या गावची? नाव सांगा. वाटेत असेल तर बस थांबवतो. मी त्या घरच्या माणसांना ओळखतही असेन."

गावाचं नाव काकूंकडे होतं आणि काकू रेगेन्सबर्गला होत्या. मी फोन बाहेर काढला. रेंज होती. काय विचारायचं, तेही पाठ होतं. धीर झाला नाही.

"गाव कुठलंही असो," अध्यक्षांनी छत्री उघडली, "भिंती सगळीकडे सारख्याच. चला, उशीर होतोय." छत्री तत्क्षणी उलटली. त्याचा मला काडीचाही आनंद झाला नाही.

महिन्याभराने भाड्याच्या हॉलमध्ये त्या फिल्मचा कार्यक्रम झाला. गाईडचा आवाज कुठे नव्हता, त्यावर अध्यक्षांचा आवाज चढवलेला होता. काकू बटाटेवड्यांचा ट्रे घेऊन खुर्च्यांमधून फिरत होत्या. पडद्यावर भिंती आल्या आणि काकू जागीच थांबल्या. भिंतींच्या पुढे, चौकट भरून, अध्यक्ष उभे होते.

"अहो, जरा बाजूला व्हा ना," काकू पडद्याला म्हणाल्या. हॉलमध्ये हशा पिकला. काकूंनी थोडं थांबून हळूच पुन्हा म्हटलं, "बाजूला व्हा ना." मग त्या ट्रे घेऊन आत गेल्या.

मी मागोमाग गेलो आणि गाईडने सांगितलेला अर्थ त्यांना सांगितला. सुखरूप घरी जा, निघणाऱ्याला म्हणतात.

"असं होय," काकू वडे मोजून ताटलीत ठेवत म्हणाल्या. "मग विमानतळावर मला कुणीतरी म्हणायला हवं होतं."

पुढच्या वर्षी काकू देवळालीला बहिणीकडे गेल्या. परत येणार नाही, असं त्यांनी अध्यक्षांना सांगितलं होतं. किती वेळा, ते मी विचारलं नाही. अध्यक्षांनी येण्याजाण्याचं तिकीट काढलं आणि परतीची प्रत ऑर्डनरला लावली. त्या तारखेला ते म्युनिकला जाऊन उभेही राहिले. दाराच्या पलीकडे, घड्याळ बघत. सगळे प्रवासी बाहेर आले, बॅगांचा पट्टा थांबला, तरी दोन तास तिथेच होते, असं दंतवैद्यांनी मला सांगितलं. त्यांची कीव करायला मी काही वरच्या पायरीवर उभा नव्हतो.

त्याआधी, काकू देवळालीला निघाल्या त्या दिवशी अध्यक्षांची कार्यकारिणीची सभा होती, म्हणून काकूंना विमानतळावर मी सोडलं. महामार्गावर शेवटी मी बोललो. "काकू, व्हिसा लागतो हे मला माहीत होतं. बैठकीच्या दिवसापासून."

काकू समोर रस्त्याकडे बघत होत्या. "मलाही वाटत होतंच," त्या म्हणाल्या. "पण पासपोर्ट यांच्या फाईलमध्ये. यांना दोनदा सांगितलं होतं." जरा वेळाने म्हणाल्या, "तुला दोनदा विचारलं होतं."

विमानतळावर मी त्यांच्या बॅगा ट्रॉलीवर ठेवल्या.

आत जाताना त्यांनी पर्स उघडून पासपोर्ट काढला. ऑर्डनरमधून तो त्यांनी कधी काढून घेतला होता, कोण जाणे. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, म्हणाल्या, "स्लॉन अवाल्या," आणि रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.

एकदाच म्हणाल्या. दुसऱ्यांदा म्हणतील म्हणून मी बराच वेळ तिथे उभा होतो.